ह्यांच्या वाट्याची वीज

ये गो, अशी जवळ ये. उंबऱ्यावर काय उभी राहिलीस मीटर बघायला आल्यासारखी? आधी तो फोन पालथा घाल आणि पाय वर घेऊन नीट बस. वर्षभर फोनवर नुसतं विचारत राहिलीस, "मामी, तुझी वीज खपते का गो अजून? की उधारीवर देतेस?" आणि वर खी खी हसणं. मामा गेले तेव्हा तुला यायला जमलं नाही, त्याचा मी राग धरला नाही. ह्या हसण्याचा मात्र धरला, सांगून ठेवते.

तू समोर नाहीस, तिकडे चिपळुणात बसली आहेस, ते मला ठाऊक आहे. पण कुणाशी तरी बोलल्याशिवाय माझ्या हातून लिहिणं होत नाही. मी लिहायला शिकले तीच मुळी इथं आखातात, मस्कतच्या पुढं सूर गावाला येऊन, लेकाच्या शाळेतल्या हिंदीच्या पुस्तकावरून. तो मोठ्यानं वाचायचा आणि मी बाजूला बसून गिरवायचे. अजून तशीच लिहिते, आधी तोंडानं आणि मग हातानं.

तर वीज. हसण्यासारखं त्यात काही नाही. आमच्या गच्चीवर अर्बाबनं, म्हणजे आमच्या घरमालकानं, सोलर बसवलं आहे. घर त्याचं, मीटर त्याच्या नावावर. खाली पॅसेजमध्ये भिंतीला कपाटाएवढी बॅटरी आहे, ती तुझ्या मामांनी हट्टानं घेतली. सकाळपासून ऊन ती बॅटरी भरतं. दुपारी जेवणं झाली की सगळं सूर दारंखिडक्या लावून निजतं, घरोघर एसी सुरू होतात आणि तारांना ते ओझं झेपत नाही. तेव्हा वीज कंपनी आमच्यासारख्यांच्या घरातून मागून घेते. कुणी माणूस येत नाही हो मागायला. बॅटरी आपली आपण घुमायला लागते, रिकाम्या घागरीत तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तशी, आणि आपल्या गच्चीवरचं ऊन तारेवरून लोकांच्या खोल्या गार करायला निघतं. त्याचे पैसे अर्बाबच्या बिलात जमा होतात, तो ते आमच्या भाड्यातून वळते करतो. दुधाचा रतीब घालण्यासारखंच आहे. फक्त म्हैस गच्चीवर.

ह्यांचं दुकान तू पाहिलं नाहीस. होड्या बांधतात तिकडे जायच्या रस्त्याला, पंपांच्या, पंख्यांच्या जळलेल्या मोटारी भरून द्यायचं. तांब्याची तार गुंडाळायची, वार्निशमध्ये बुडवायची, भट्टीत सुकवायची. त्या वार्निशचा धूर जन्मभर गिळला आणि शेवटी छाती त्यानंच भरली. डॉक्टरनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. खोलीतलीच हवा ओढून घ्यायचं आणि त्यातला ऑक्सिजन नळीनं नाकात सोडायचं. ह्यांना त्याचं कौतुक फार. आल्यागेल्याला उघडून दाखवायचे, "मोटार बघा आतली, किती सुबक भरलीये." आपण आजारी आहोत ते राहिलं बाजूला.

मग एका उन्हाळ्यात भर दुपारी वीज गेली. मशीन बंद. लेक मस्कतला, मी एकटी घरात, सिलेंडर रिकामा. अर्बाब धावत जाऊन दुसरा घेऊन येईपर्यंत हे माझ्या मांडीवर डोकं ठेवून नुसते तोंड उघडत होते आणि मिटत होते. होडीत टाकलेल्या मासळीचं तोंड तू पाहिलं आहेस, आपल्या खाडीवरची पोर आहेस. तसं. ते तोंड मी अजून विसरले नाही. त्यानंतर महिन्याभरात बॅटरी आली.

बसवायला आलेल्या माणसानं विचारलं, कंपनीला किती द्यायची आणि घरासाठी किती राखायची. बहुतेक लोक म्हणे थोडीशीच राखतात. हे म्हणाले, "अर्धी त्यांची, अर्धी माझी. माझ्या अर्ध्याला कुणी हात लावायचा नाही." बॅटरीवर दहा हिरव्या पट्ट्या आहेत. दुपारी ती घुमायला लागली की एकेक पट्टी विझत जायची, आणि पाचवर आली की आतून आवाज यायचा, टक. घुमणं थांबायचं. हे नाकातली नळी सावरत म्हणायचे, "बघ, सगळं सूर माझ्या कपाटातला वारा खाऊन निजलंय. मी टक केलं की उठतील घामाघूम होऊन."

ते टक म्हणजे मला ह्यांचाच शब्द वाटायचा. बस, इथवर, पुढे माझं.

गेले ते मात्र वीज असताना गेले. पहाटेची, फजरची नमाज झाली होती. बॅटरीत पट्ट्या होत्या, मशीन चालू होतं, नळी नाकात होती. मी चहा घेऊन आले तर हे खुर्चीत तसेच बसलेले. मशीनला काही कळलं नाही. माणसं जमली, कुणी कुराण वाचायला बसलं, आणि ते आपलं हवा देतच होतं. शेवटी लेकानं येऊन बटण बंद केलं. तेव्हा मला रडू आलं, त्याआधी नाही.

मग मी इद्दतला बसले. नवरा गेलेल्या बाईनं घराबाहेर पडायचं नाही, ती मुदत. बायका यायच्या, जेवण ठेवून जायच्या. दुपारी मात्र कुणी नसायचं. इथली दुपार तुला ठाऊक नाही. आपल्याकडे रात्र जशी सामसूम होते तशी इथं उन्हाळ्यातली दुपार होते. रस्त्यावर कुत्रं नाही, पाखरू नाही. ऊन असं पांढरं की खिडकीबाहेर कुणी चादर धरून उभं आहे असं वाटावं. त्यात ती बॅटरी घुमायला लागायची. दहा, नऊ, आठ. मी ह्यांच्या खुर्चीसमोर बसून ऐकायचे. आणि पाचवर, टक.

घरात ह्यांचं सांगणं ऐकणारं तेवढंच एक उरलं होतं बघ. दुकान बंद झालं, माणसं पांगली, मलासुद्धा कुठं काय ठेवायचं ते आठवेना. बॅटरी मात्र रोज पाचवर थांबत होती. ह्यांचं राखून ठेवत होती.

दुसरी गोष्ट सांगते, घाबरू नकोस. संध्याकाळी पाच पट्ट्या पक्क्या असायच्या. सकाळी उठून बघावं तर पाचवी लुकलुकत असायची. म्हणजे रात्रीतून कुणीतरी थोडी वापरलेली. मी लेकाला फोनवर विचारलं.

"अम्मी, बॅटरी स्वतःच थोडं खाते. सगळ्याच खातात."

"तिला कसली रे भूक?"

"आतली यंत्रं चालू असतात ना, त्यांना लागतं."

"आधी कधी लागलेलं मी बघितलं नव्हतं."

"आधी तू बघत नव्हतीस, अम्मी."

खरं असेल. पण रोज सकाळी मी आधी जाऊन ती पाचवी पट्टी बघायचे आणि मग तोंड धुवायचे. लुकलुकताना दिसली की बरं वाटायचं. लागते आहे म्हणजे मिळते आहे.

आणि मग एका दुपारी बॅटरी घुमत होती, पट्ट्या उतरत होत्या, आणि खुर्चीकडून काहीच आवाज येत नव्हता. गावाला वारा मिळतोय आणि ह्यांना नाही, असं काहीतरी मनात आलं. मी उठले. मशीनच्या बाटलीत ताजं पाणी भरलं, नळी खुर्चीच्या हातावर ठेवली, ह्यांचा हात असायचा तिथंच, आणि बटण दाबलं. भस्स, टप. भस्स, टप. बाटलीत बुडबुडे यायला लागले. नळीच्या टोकाजवळ मी गाल नेला तर गार फुंकर लागली.

वेड लागलं होतं असं समजू नकोस. हे गेलेत, त्यांना कुठं पुरलंय, सगळं ठाऊक होतं मला. पण खोलीत श्वास येत होता, आणि तो माझा नव्हता. रोज दुपारी मी ते मशीन लावायला लागले. ऊन कलतं झालं, असरची अजान झाली की बंद करून वर कापड टाकायचे. कुणाला बोलले नाही. बोलण्यासारखं होतं काय?

इद्दत संपल्यावर एका शुक्रवारी लेक आला. तो मस्कतला नोकरीला, राहतो तिथल्याच रुवी भागात, बायकोपोरांसह. जुम्म्याची नमाज झाली, जेवण झालं, आणि त्यानं घसा साफ केला. तो घसा साफ करतो तेव्हा बापासारखाच दिसतो आणि बापासारखंच काहीतरी नको असलेलं सांगतो.

"अम्मी, दुकान बंद झालंय. भाडं एकट्या माझ्यानं निघत नाही. आता बॅटरी अर्धी राखायची काही गरज नाही. एक पट्टी ठेवून बाकी सगळी कंपनीला सोडू, म्हणजे भाड्याला पुष्कळ हातभार लागेल. तू इथंच राहू शकशील."

"आणि नाही सोडली तर?"

"तर रुवीला चल."

"रुवीला येऊन काय करू? खिडकीत बसून समोरच्यांच्या बनियनी बघू?"

"समोर बॅंक आहे."

"मग बॅंकेच्या बनियनी बघेन."

"पोरं आहेत तिथं तुझ्याजवळ."

"तुझी पोरं मला 'दादी, हाऊ आर यू' म्हणतात. मी 'फाइन' म्हणते. खलास. पुढं दोघांनाही येत नाही."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "अम्मी, अर्धी तू ठेवतेस कुणासाठी?"

काय सांगू? ही खुर्ची, हा पॅसेज, हे गेले ती खोली सोडून मला जायचं नव्हतं. आणि इथं राहायचं तर ह्यांची अर्धी विकायची. ती विकली आणि तिकडे कुठंतरी ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं, उघडलं, तर? असलं बोलता येतं का लेकापुढं? मी म्हटलं, "असू दे रे, वादळबिदळ आलं तर."

त्यानं फोन काढला. बॅटरीचं सगळं त्याच्या फोनवर दिसतं, तिथं मस्कतला बसून. कालची एक रेघ दाखवली मला. सकाळी खाली, दुपारी एका जागी थोडी वर उचललेली, मग परत खाली.

"दुपारी घरात काय चालतं, अम्मी?"

"फ्रीज."

"फ्रीज दिवसभर चालतो."

"मग पंखा."

 तो फोन मांडीवर ठेवून बसला. दुपार वर आली. बॅटरी घुमायला लागली. दहा, नऊ. लेक समोर होता म्हणून मी जागची हलले नाही, पण हात असे एकमेकांत घट्ट धरून बसले होते. तो फोनकडे बघायचा, मग कापड टाकलेल्या मशीनकडे, मग पुन्हा फोनकडे. असं बराच वेळ. मग तो उठला, कापड काढलं, आणि त्यानंच बटण दाबलं.

भस्स, टप.

 तो माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "रेघ वर आली नाही आज. मला बघवेना."

"म्हणजे?"

"ऑफिसात रोज दुपारी बघतो मी. अब्बा होते तेव्हा कधीही बघितलं की रेघ एवढीच वर असायची. मशीन चालू आहे म्हणजे अब्बा बरे आहेत, असं बघायची सवय होती. मग ते गेले. मग काही दिवसांनी परत यायला लागली." त्यानं हातातल्या कापडाची घडी घातली. "तूच लावत असणार, ते मला कळत होतं, अम्मी. तरी बघायचो."

चाळिशीचा पुरुष गो, टक्कल पडायला आलेलं. दोघं बसून राहिलो त्या खुर्चीसमोर, एखाद्या निजलेल्या माणसाला उठवायचं नाही म्हणून बसावं तसे. विकायचं पुन्हा कुणी काढलं नाही. काढणार कोण?

असर झाल्यावर अर्बाब आला. तो शेजारीच राहतो, आमची त्याची एक भिंत. म्हातारा झालाय आता. पूर्वी होडीनं मुंबईला जायचा, म्हणून हिंदी आपल्या भेंडीबाजारातली बोलतो. लेक घरात आहे बघून व्हरांड्यात येऊन टेकला. मी कहवा आणला. इथं रीत अशी की पाहुण्यानं ती इवलीशी वाटी हलवून परत दिली म्हणजे पुरे. हलवली नाही की ओतत राहायचं. अर्बाब एरवी दुसऱ्याच वाटीला हलवतो. त्या दिवशी वाटी पुढे करत राहिला, हलवेचना. लेक माझ्या कानाशी म्हणाला, "अम्मी, किटली रिकामी होणार." मी म्हटलं, "गप. त्याच्या घशात काहीतरी अडकलंय, कहव्यानं सुटेल."

सुटलं. म्हणाला, "बहन, माझ्या बहिणीला इस्पितळातून घरी आणलंय. तिची छातीपण आता तशीच, तुमच्या मालकासारखी. नवीन मशीन मस्कतहून मागवलंय, पण आज जुम्मा, दुकान बंद. उद्या-परवा येईल. सिलेंडर मगरीबपर्यंत, दिवस बुडेपर्यंतच पुरेल." मग खाली बघून म्हणाला, "तुमचं मशीन चालू आहे, मला माहीत आहे. भिंत एकच आहे ना. मी घरात सांगून ठेवलंय, दुपारी त्या भिंतीजवळ भांडी वाजवू नका."

इतके महिने तो ऐकत होता, गो. माणूस गेलाय, त्याच्या मय्यतीला खांदा त्यानंच दिलेला, आणि तरी दुपारी भांडी वाजवू देत नव्हता.

माझ्या तोंडात 'नाही' आलं होतं. खोटं कशाला बोलू? नवीन येणारच आहे, दुसरीकडून बघा, असं सगळं तयार होतं. लेक माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्याही तोंडावर तेच 'नाही' होतं, हे मला दिसत होतं. तेवढ्यात अर्बाबनं वाटी हलवली आणि खाली ठेवली. म्हणजे त्याचं बोलून झालं. आता मी बोलायचं.

मी आत गेले. बाटली धुतली, पुसली. नळी काढून घेतली. एकाच्या नाकातली नळी दुसऱ्याला देत नाहीत, त्यांच्याकडे नवी होती. मशीनला हात लावला तर दुपारचं चाललेलं, अजून कोमट होतं. लेकाला म्हटलं, "उचल. यल्ला, चल, उशीर नको." त्यानं उचललं आणि मूल घ्यावं तसं छातीशी धरून शेजारी घेऊन गेला. फरशीवर मशीनच्या चाकांचे चार ठसे राहिले.

दुसऱ्या दिवशी लेक गेला. दुपार झाली, बॅटरी घुमायला लागली, आणि भिंतीपलीकडून बारीक आवाज आला. भस्स, टप. मी भिंतीला कान लावला. मशीन तेच, आवाज तोच. पण त्याच्याबरोबर कुणी खोकत होतं. कुणी पाणी मागत होतं, कुणाला तरी उशी वर घे म्हणून दटावत होतं, परत खोकत होतं. मी ऐकतच राहिले. आमच्या खुर्चीतून इतक्या महिन्यांत एकदाही खोकला आला नव्हता.

नवीन मशीन आलं तसं अर्बाब आमचं परत घेऊन दारात उभा. मी म्हटलं, ठेव तुझ्याकडेच, दुसरं असलेलं बरं. तो ते तसंच उचलून परत घेऊन गेला.

मग मी लेकाला फोन लावला.

"सोड."

"काय सोडू?"

"अब्बांची अर्धी."

 तिकडे खुर्ची सरकल्याचा, दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "माझ्या हातातच आहे, इथूनच होतं ते. पण तू आधी बॅटरीजवळ जा, अम्मी. तू तिथं असताना करतो."

मी जाऊन बॅटरीवर हात ठेवला. त्यानं तिकडे काय केलं ते इकडे कळलं नाही. दुपारी ती घुमायला लागली. आठ, सात, सहा. पाचवर आली तशी मी डोळे मिटले. टक झालं नाही. हाताखाली घुमणं तसंच चालू. चार. मी ह्यांच्या खुर्चीत जाऊन बसले, ती नळी मांडीवर घेतली, आणि कान लावून ऐकत राहिले. तीन. हे काहीतरी म्हणतील असं मला वाटत होतं. रागावतील. तोंड उघडतील, त्याचा तो आवाज येईल, आणि मग मी लेकाला ओरडून सांगेन, थांबव रे, थांबव. दोन. बाहेर ते पांढरं ऊन. सगळं सूर गार खोल्यांत निजलेलं, ह्यांच्या वाट्याचा वारा खात. मग एक, आणि घुमणं आपोआप बंद झालं.

हे काहीच म्हणाले नाहीत. एवढं राखलेलं सगळं दिलं आणि ह्यांनी चकार शब्द काढला नाही. तेच मला जास्त लागलं. त्या दिवशी असरची अजान झाली तरी मी खुर्चीतून उठले नव्हते.

आता बराच काळ झाला त्याला. भाडं बरंचसं विजेतूनच निघतं, घर राहिलं, मी घरात राहिले. लेक हल्ली दुपारी फोन करतो, काही काम नसताना. "जेवलीस का?" विचारतो आणि गप्प बसतो. मीही बसते. त्याच्या ऑफिसातले आवाज ऐकू येतात, माझ्याकडचे त्याला येत नाहीत.

पण त्यानं फोन ठेवल्यानंतर असरपर्यंतचा जो वेळ आहे ना, तो मोठा अवघड जातो. बॅटरी थांबलेली असते. भिंतीपलीकडेही हल्ली शांत आहे. अर्बाबची बहीण थंडीत गेली. मी खुर्चीकडे बघते तर ती नुसती खुर्ची असते. तेव्हा वाटतं, कुणीतरी यावं आणि ह्या घरात मोठ्यानं बोलावं.

म्हणून म्हणते, तू ये. थंडीत सगळेच येतात, समुद्र बघतात आणि जातात. तू उन्हाळ्यात ये, भर दुपारी दार वाजव. तुझ्या मामांच्या खुर्चीत बस, बिनधास्त बस, मी काही म्हणणार नाही. पापलेट तळीन, सोलकढी करीन. पण आता फोनवर "बघू गो मामी" म्हणू नकोस. ये लवकर.